शिंपाधारी जीवाश्मांचे वर्गीकरण (क्रिटेशस, नागपूर परिसर)

मृदुकाय प्राण्यांच्या दोन पुटांच्या शिंपल्यांचे क्रिटेशस कल्पातील (डायनोसॉरांच्या युगाचा शेवटचा कालखंड, सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा) अवशेष गण, कुल, वंश व जाती अशा क्रमाने ओळखण्याची पद्धती. मुख्य आधार बिजागरीवरील दात (दोन पुटे एकमेकांत अडकवणारे उंचवटे), स्नायूंचे वण, प्रावार रेषा (शरीरावरील आवरण शिंपल्याला चिकटल्याची खूण) आणि शिंपल्याच्या थरांची रचना हा असतो. बाहेरचा आकार व रेघोट्या दुय्यम. दातांवर आधारलेली नॉयमायर यांची मांडणी (१८८४) पुढे बरीच बदलली, तरी तिचे काही शब्द अजून वापरात आहेत.

दक्षिण भारतातील सागरी क्रिटेशस शिंपल्यांचे वर्णन स्टोलिच्का यांनी १८७०–७१ मध्ये केले. नागपूरकडे मात्र इनोसेरॅमस हा सागरी शिंपल्यांचा वंश नाही. येथे सापडतात ते लाव्हाच्या दोन थरांमधील तळ्यांत साचलेल्या गाळातले गोड्या पाण्याचे शिंपले. अशा अंतरा-ट्रॅपी थरांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी नागपूरजवळ टाकळी येथे व इतरत्र गोळा केले.

या थरांचा काळ दीर्घकाळ वादाचा ठरला. हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधात ते तृतीय कल्पातील (क्रिटेशसनंतरच्या कालखंडातील) मानले. वनस्पतींच्या जीवाश्मांवरून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांचा कलही त्याच बाजूला होता. उलट टाकळीच्या संग्रहातील मांसाहारी डायनोसॉराच्या दाताचे वर्णन पुराजीवशास्त्रज्ञ लिडेकर यांनी १८९० मध्ये केले होते, आणि तो पुरावा क्रिटेशसकडे झुकतो. किरणोत्सर्गी कालमापनानुसार दक्षिण ट्रॅपचा (दख्खनच्या लाव्हा थरांचा) मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन कल्पांच्या सीमेवरचा आहे. त्यामुळे टाकळीचे थर क्रिटेशसअखेरचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र सर्वच अंतरा-ट्रॅपी थर एकाच वयाचे नाहीत.

शिंपल्यांपैकी युनियो डेक्कनेन्सिस (सॉवर्बी, १८४०), तसेच हिस्लॉप यांच्या युनियो माल्कमसोनाय व युनियो हंटेराय या जाती साहित्यात वारंवार येतात. ‘युनियो’ हे वंशनाम त्या काळी फार सैलपणे वापरले जाई. गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा आकार प्रवाह, तळाचा गाळ व वय यांनुसार बदलतो, म्हणून केवळ बाह्यरूपावर बेतलेल्या काही जाती वस्तुतः एकच असण्याची शक्यता आहे. शिंपल्यातील ॲरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचे एक खनिज) विरघळून अनेकदा आतला साचाच उरतो. अशा नमुन्यात दातांचा ठसा मिळाला नाही, तर निश्चिती वंशापुढे नेणे धाडसाचे ठरते.