५८ टक्क्यांची रेषा : गोव्यातील डंपच्या वादामागे

डिचोली, सत्तरी, सांग्यातल्या डंपमधला, म्हणजे लोहखाणींतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांतला माल कोणी आणि कसा विकावा, हा वाद मुळात त्या मातीत लोह किती, यावर उभा आहे. ते लोह हेमटाइटच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या रूपात असते. शुद्ध हेमटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते. ढेकूळ काळसर दिसले तरी पूड लालच पडते. पावसात खाणीखालच्या शेतांत उतरतो तो हाच रंग. आपल्याकडचा माल सिलिका, ॲल्युमिना ही अशुद्धे मिसळलेला आणि बराचसा भुसभुशीत. तो चाळून, धुऊन लोहाचे प्रमाण वाढवावे लागते. ॲल्युमिना जास्त राहिली तर लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) घट्ट होते आणि भाव पडतो.

पोर्तुगीज काळातल्या खाणसवलती, म्हणजे खाणकामाचे हक्क, १९८७च्या कायद्याने भाडेपट्टे झाल्या. जपानला चांगल्या प्रतीचा माल जाई, हलका डंपवर पडे. चीनने हलकाही घ्यायला सुरुवात केली आणि डंपला किंमत आली. खरा कलाटणीचा निर्णय २००९चा : हेमटाइटला खनिज मानण्याची किमान मर्यादा ५५ वरून ४५ टक्क्यांवर आणली गेली. एका अधिसूचनेने कालचा कचरा खनिज ठरला. पण ते ढीग ज्यांच्या जमिनीवर होते, त्यांना कोणी विचारले? २०१०-११मध्ये निर्यात ४ कोटी टनांपलीकडे गेली. २०१२मध्ये खाणी थांबल्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालातले ‘पट्टे २००७मध्येच संपले’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. पट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप ठेवण्याचा पट्टेधारकाला हक्क नाही, असेही त्यात म्हटले होते. आजच्या वादाला तोच भाग अधिक लागू पडतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली. २०१८मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, लिलाव २०२२च्या अखेरीस सुरू झाले.

दरम्यान करांनी दुसरी रेषा आखली. ५८ टक्क्यांखालच्या मालावरचे निर्यातशुल्क २०१६मध्ये हटले, मे २०२२मध्ये सरसकट ५० टक्के लागले, नोव्हेंबरमध्ये ५८ खालच्या मालाला पुन्हा माफी मिळाली; त्यावरच्याला ३० टक्के. त्यामुळे ५६ टक्क्यांचा माल धुऊन ६० वर नेणारा निर्यातदार शुल्कात सापडतो, आणि तसाच बार्जमध्ये (मालवाहू बोटीत) भरणारा सुटतो.