विमानांचा वेग का वाढला नाही?

तंत्रज्ञानावर तावातावानं बोलणाऱ्यांचा एक लाडका मुद्दा आहे. १९५८ साली जेट प्रवासाचं युग रुजवणारं बोइंग ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडायचं, आजचं ७८७ही साधारण तेवढ्याच वेगानं उडतं. तेवढ्या काळात खोली व्यापणारा संगणक खिशात आला. मग विमानवाले करत काय होते? मी विमानवालाच असल्यामुळे हा टोमणा नेहमी ऐकतो. आकडे बरोबर आहेत, त्यामुळे चिडायलाही जागा नाही.

अडचण हवेची आहे. अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १०६० किलोमीटर असतो. विमान त्याच्या ८५ टक्के वेगानं चाललं असलं, तरी पंखाच्या फुगीर पाठीवरची हवा जास्त जोरात धावते आणि ध्वनीलाही मागे टाकते. पुढे ती एकदम मंदावते, तिथे शॉकवेव्ह, म्हणजे एकदम चढलेल्या दाबाची पातळ भिंत, उभी राहते. ऊन डोक्यावर असताना पंखाजवळच्या खिडकीत बसलात, तर कधीकधी ती चक्क दिसते: पंखाच्या लांबीभर एक बारीक, थरथरणारी रेघ. वेग आणखी थोडा वाढवा, ती जोर धरते आणि हवेचा विरोध झपाट्यानं चढतो. कॉन्कॉर्डनं १९७६ ते २००३ या काळात ध्वनीच्या दुप्पट वेगानं प्रवासी नेले, पण शंभरेक माणसांसाठी एवढं इंधन जाळणं हिशेबात बसेना.

म्हणून वेग तिथेच राहिला आणि अक्कल इंजिनात खर्च झाली. सुरुवातीच्या ७०७ मध्ये आत शिरलेली सगळी हवा ज्वलनकक्षातूनच जायची. आजच्या मोठ्या इंजिनात एक भाग हवा आत जळते, तर नऊ-दहा भाग पुढचा पंखा बाहेरच्या बाहेर मागे ढकलतो. थोडी हवा फार जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा बेतानं ढकलणं स्वस्त पडतं, आवाजही कमी होतो. टर्बाइनचं पातं तर मला आजही चमत्कार वाटतं. ज्या धातूचं ते बनतं, तो वितळेल त्याहून गरम वायूत ते फिरत असतं. ते आतून पोकळ असतं, अंगावरच्या बारीक छिद्रांतून तुलनेनं थंड हवा पाझरते आणि त्याच्याभोवती पांघरूण धरते. शिवाय अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, कारण उष्णतेत धातू हार मानतो तो स्फटिकांच्या सांध्यांवर. हे सगळं बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत.

व्हायरल होते ती फ्लॉपी. ७४७-४०० मध्ये दिशादर्शनाची माहिती फ्लॉपीवरून भरतात हे कळल्यावर लोक पोट धरून हसले. ती माहिती दर २८ दिवसांनी बदलते, फ्लॉपीला ते काम झेपतं. नवं यंत्र बसवायचं तर ते पुन्हा प्रमाणित करून घ्यावं लागतं. हसा खुशाल, मी तीच ठेवेन.

सॉफ्टवेअरवर मात्र आमची टिंगल रास्त आहे. ७८७ च्या जनित्रांचं नियंत्रण करणाऱ्या संगणकात एक मोजणी सतत चालू असायची. वीज न तोडता २४८ दिवस गेले की ती ओसंडायची आणि इंजिनांवरची चारही जनित्रं एकदम थांबू शकली असती. सेकंदाचे शंभरावे भाग ३२ बिटांच्या चिन्हांकित (म्हणजे उणे आकडेही मावतील अशा) खात्यात मोजले, तर खातं बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतं. दोष प्रयोगशाळेत सापडला. २०१५ मध्ये अमेरिकी नियामकानं ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा चालू करण्याचा आदेश काढला. म्हणजे घरच्या राउटरवर जो इलाज, तोच.

ही चूक निदान जमिनीवर सापडली. २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाच सेन्सरवर विसंबून होती, आणि त्यानं समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन चुकीचा सांगितला. सावकाश, कागदोपत्री, तपासून काम करतो म्हणवणाऱ्या आमच्याच व्यवस्थेतून हे पार झालं. दुरुस्तीनंतर सॉफ्टवेअर दोन सेन्सरांची तुलना करतं आणि त्यांत मोठी तफावत दिसली तर ती प्रणाली गप्प बसते. त्यासाठी नवा सेन्सर आणावा लागला नाही. दुसरा नाकाच्या पलीकडच्या बाजूला पहिल्यापासून होताच.