पॅकेज नेमकं कुणाच्या मशीनवर बनतं?

1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन तणतणत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. ज्या प्रोग्रामातली चूक शोधण्यात त्याची अख्खी सकाळ गेली, त्यात चूक उरलीच नव्हती. ती त्यानं आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायची राहिली होती. फेल्डमनचीही आदली संध्याकाळ अशीच फुकट गेली होती. त्यातून ‘मेक’ जन्माला आलं: बदललेल्या फाइली ओळखून त्या पुन्हा कंपाइल करवणारं साधन. मेकला कामं सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच का लागतो, म्हणून आजही नवशिके वैतागतात. त्याचं कारण एवढंच, की ही गैरसोय फेल्डमनच्या लक्षात आली तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी त्याला मोडायची नव्हती!

पॅकेजांची, म्हणजे थेट बसवता येतील अशा तयार प्रोग्रामांची, गोष्ट निराळी. 1993 साली डेबियन ही लिनक्स प्रणाली सुरू झाली तेव्हा पॅकेज सांभाळणारा ते आपल्याच पीसीवर बांधून, म्हणजे कंपाइल करून, अपलोड करी. अडचण आली ती अमिगा-अटारी संगणकवाल्यांना. त्यांचा प्रोसेसर मोटोरोलाचा, त्यामुळे इंटेलसाठी आलेलं प्रत्येक पॅकेज त्यांना नव्यानं बांधावं लागे, तेही कूर्मगतीच्या मशीनवर. हातानं ते उरकेना, म्हणून रोमन होडेकनं ‘बिल्डडी’ लिहिलं: रांगेतलं पॅकेज उचलायचं, बांधायचं, बांधणीची नोंद (लॉग) पाठवायची.

आपोआप बांधणीचं हे वारं चाचण्यांकडे पोचलं ते हडसनसारख्या, कोड बदलला की तो बांधून तपासणाऱ्या साधनांमुळे. कोहसुके कावागुचीनं हडसन 2004 च्या सुमारास सन कंपनीत असताना लिहायला घेतलं. पुढे सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून बिनसलं आणि 2011 मध्ये त्याचं जेन्किन्स झालं. त्याच साली आलेल्या ट्रॅव्हिस सीआय या तशाच सेवेनं एका यामल फाइलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या सेटिंग-फाइलीत, काम भागवलं.

डेबियननं मात्र 2019 मध्ये कुठे ठरवलं, की घरच्या मशीनवर बांधलेलं बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) ‘टेस्टिंग’ शाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती घडते तिथे, जाणार नाही. मला हा उशीरच वाटतो.

पण बांधणीचं सामायिक मशीन तरी मिळालेला सोर्स, म्हणजे मूळ कोडच बांधणार. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांमधला चोरदरवाजा चाचणीसाठीच्या नमुना-फाइलींत दडवलेला होता. त्याला जागं करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या गठडीत होती. शिवाय डेब किंवा आरपीएम या लिनक्सच्या रूपांतलं पॅकेज बनत असेल तरच तो जागा होई. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला तो सापडला, कारण दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता.