दंडावरचे बीपी नॉर्मल आले म्हणून फुफ्फुसांच्या रक्तदाबाची गोळी कमी करता येते का?

“दंडावरचे बीपी नॉर्मल आले, की फुफ्फुसांच्या बीपीची गोळीही अर्धी करावी,” असा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. दोन्हींना रक्तदाबच म्हणतात, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

दंडाच्या पट्ट्याने हृदयाच्या डाव्या बाजूकडून शरीरभर जाणाऱ्या रक्ताचा दाब कळतो. फुफ्फुसांच्या धमनीत रक्त ढकलते ती उजवी बाजू, आणि तिथला सरासरी दाब निरोगी माणसात साधारण 14 मिमी पारा असतो. 20 च्या वर गेला की तो वाढलेला मानतात. म्हणजे पट्ट्यावर 110/70 दिसत असतानाही आतला दाब 50 असू शकतो.

हे स्वतः पडताळायचे असेल, तर फायलीतला इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट काढावा. त्यात ‘आरव्हीएसपी’ या नोंदीपुढे फुफ्फुसांकडच्या वरच्या दाबाचा अंदाज लिहिलेला असतो. त्याच दिवशीच्या दंडावरच्या आकड्याशेजारी तो ठेवून पाहावा.

मात्रा ठरवताना डॉक्टर इको, सहा मिनिटांत चाललेले अंतर, रक्ततपासणी आणि गरजेनुसार कॅथेटरने (हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) मोजलेला दाब एकत्र पाहतात. बोसेंटान हे फुफ्फुसांच्या रक्तदाबाचे औषध प्रौढांना सहसा 62.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा असे सुरू करून चार आठवड्यांनी 125 वर नेतात, आणि यकृताची तपासणी दरमहा होते. औषध अचानक थांबवल्यास आजार झपाट्याने बिघडू शकतो.

पट्टा मात्र निरुपयोगी नाही: आकडा फार खाली गेला किंवा चक्कर आली, तर मात्रेला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.