आउटलाइन सरकणे (मशीन एम्ब्रॉयडरी)

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत भराव (टाक्यांनी भरलेला आकार) आणि त्याच्या कडेची रेघ यांचा मेळ न बसण्याचा दोष. कुठे दोहोंमध्ये कापड डोकावते, कुठे रेघ भरावावर चढते. नाशिक परिसरात पैठणीवरच्या ब्लाउजवर तो चटकन डोळ्यांत भरतो. येवल्याच्या पैठणीचा मोर हातमागावर विणलेला असतो. ब्लाउजच्या पाठीवर त्याच मोराची नक्कल मशीनने उतरवताना मानेची रेघ जरा सरकली, तरी शेजारचा पदर ती चूक लपू देत नाही.

दोष बहुधा मशीनच्या माथी मारला जातो. खरे कारण बहुतेक वेळा कापडाच्या ओढीत असते. धागा ताणलेला असल्याने प्रत्येक टाका आपल्या दोन टोकांमधले कापड आत खेचतो. शेकडो टाके एकाच दिशेने पडले की भराव त्या दिशेने आखूड होतो आणि काटकोनात थोडा बाहेर सरकतो. म्हणूनच आडव्या टाक्यांनी भरलेले वर्तुळ उभट उतरते. रेघ मात्र मूळ वर्तुळावरच पडते. परिणामी डावी-उजवीकडे फट राहते आणि वर-खाली भराव रेघेबाहेर जातो.

फटीची जागा पाहिली की निम्मे निदान होते. टाक्यांच्या दोन्ही टोकांना फट असेल, तर ती ओढ. सगळी रेघ एकाच बाजूला गेली असेल, तर फ्रेममध्ये (कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) कापड घसरले, फ्रेम कशाला तरी अडली किंवा तिची पकड सैल आहे. शंका राहिलीच, तर तेच डिझाइन जाड डेनिमवर खाली पेपर (कापडाला मागून आधार देणारा थर) लावून काढावे. तिथेही रेघ सरकली, तर मशीनचा पट्टा आणि फ्रेमचे स्क्रू तपासायचे.

पंचिंग करतानाच, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइनचे टाके ठरवतानाच, भराव ओढीच्या दिशेने वाढवून ठेवतात. साध्या विणलेल्या कापडाला सुमारे ०.२ मिमी पुरते, टी-शर्टला ०.४ मिमी किंवा जास्त लागते. भरावाखाली विरळ टाक्यांचा अस्तर-थर घातला की कापड पेपरला आधीच जखडले जाते. टाके गरजेपेक्षा दाट ठेवणे ही सर्वांत महाग हौस: धागा जास्त जातो आणि ओढही वाढते. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर पुरेसे असते.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांसाठी लोगो काढायचे टी-शर्ट होजिअरीचे असतील, तर फाडून काढायचा पेपर चालत नाही. कडेचा जादा भाग कापून काढायचा, पण टाक्यांमागे कायम राहणारा पेपर लागतो. फ्रेममध्ये कापड सपाट बसवावे, ताणू नये. ताणलेले कापड फ्रेममधून सुटताच आकसते आणि मशीनवर बिनचूक दिसलेली रेघ हातात सुरकुतलेली येते. ब्लाउजचे रेशीम ताणत नाही, पण घसरते; त्याला मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवणे किंवा फ्रेमच्या आतल्या कड्याला कापडी पट्टी गुंडाळणे उपयोगी पडते.

सरकलेली रेघ फ्रेम काढण्याआधी दिसली, तर काम वाचते. मागच्या बाजूने बॉबिनचा धागा कापून फक्त रेघ उसवतात आणि डिझाइन किंचित सरकवून ती पुन्हा चालवतात. फ्रेम निघाल्यावर कापड पुन्हा त्याच जागी बसवणे जवळजवळ अशक्य. मग भरावाच्या रंगाच्या धाग्याने फट हाताने भरायची, किंवा बारीक रेघेवर दोनेक मिमी रुंदीची, लागून-लागून आडव्या टाक्यांची पट्टी (सॅटिन टाका) चढवायची.

टोपीवर हा दोष सर्वाधिक छळतो, कारण तिचा गोलवा फ्रेमवर पूर्ण सपाट होत नाही. तिथे डिझाइन मध्यापासून कडेकडे आणि खालून वर चालवतात. सर्व भराव आधी आणि सर्व रेघा शेवटी असा क्रम न ठेवता, प्रत्येक अक्षर भरले की लगेच त्याची रेघ मारून पुढच्या अक्षराकडे जातात.