परिसेविकापदी पदोन्नती

परिसेविका म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डाची प्रमुख परिचारिका. बोलण्यात ‘इन्चार्ज सिस्टर’. महाराष्ट्रात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, बढतीने या पदावर येते. त्यापुढे सहायक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन. केंद्राच्या रुग्णालयांत २०१६ पासून स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर आणि नर्सिंग सिस्टरला, म्हणजे तिथल्या परिसेविकेला, सीनियर नर्सिंग ऑफिसर म्हणतात. सातव्या वेतन आयोगात ही पदे अनुक्रमे सातव्या आणि आठव्या स्तरावर आहेत. पगाराची पायरी एकच चढते, काम मात्र पार बदलते.

निवड विभागीय पदोन्नती समिती करते. समितीपुढे उमेदवार नव्हे, तिचे कागद जातात : ज्येष्ठता यादीतला क्रमांक, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी आहे की नाही, मत्ता व दायित्वाचे विवरण. ‘ज्येष्ठता-नि-पात्रता’ या तत्त्वाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केला : किमान पात्रता असेल तर ज्येष्ठ व्यक्तीला आधी संधी, मग धाकटी कितीही सरस असो. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल २००८ चा. ज्येष्ठतेचा निकष रुक्ष खरा, पण वशिल्याला त्यात वाव कमी, म्हणून परिचारिकांना तो सहसा मान्य असतो.

अडचण वेगळीच आहे. सुकलेल्या बाळाची शीर पहिल्या टोचणीत सापडणारा हात बढतीनंतर इंडेंट बुकावर, म्हणजे औषधे-सामान मागवण्याच्या वहीवर, चालू लागतो. रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतली की इमर्जन्सी ट्रे बघायचा, मॉर्फिनच्या रिकाम्या अँप्युल रजिस्टरशी ताडायच्या, धोब्याकडून आलेल्या चादरी मोजायच्या, आणि गणपतीत कोणाला रजा, कोणाला नाइट, याची ड्युटी लावायची. यातले समितीपुढच्या कागदांत काहीच दिसत नाही. रुग्णाजवळच राहून वरिष्ठ होण्याची वाट भारतात अरुंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यातलाच एक प्रयत्न.

पदेही मोजकीच. मे १९९० मध्ये दिल्लीतल्या परिचारिका संघटनेशी झालेल्या तडजोडीत ३.६ स्टाफ नर्समागे एक नर्सिंग सिस्टर असे प्रमाण ठरले होते. बढती रखडली तरी वेतनवाढ मिळावी म्हणून राज्यात १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेवर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. महाराष्ट्रात आरक्षणाच्या वादाचीही भर पडली : पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला, आणि ७ मे २०२१ च्या आदेशाने पदे त्या २००४ च्या तारखेच्या ज्येष्ठतेनुसार भरायचे ठरले. पद रिकामे असले तरी वॉर्ड बंद ठेवता येत नाही. मग त्यातली सर्वांत जुनी स्टाफ नर्स कपाटाच्या किल्ल्या सांभाळते आणि सही करताना नावापुढे ‘इन्चार्ज’ लिहिते, पगार स्टाफ नर्सचाच.