विमानतळाचे शुल्क कसे ठरते: 2006 पासूनची वाटचाल

विमानाच्या तिकिटात ‘यूडीएफ’ अशी एक ओळ असते. युजर डेव्हलपमेंट फी, म्हणजे विमानतळ वापरल्याबद्दल प्रवाशाने भरायचे पैसे. तिकीट विमान कंपनी विकते, पण मोठ्या विमानतळांवर हा दर ‘एरा’ ही नियामक संस्था ठरवते.

2006 पर्यंत हे दर सरकार आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्याच हातात होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले. मुंबईच्या कंपनीने एकूण उत्पन्नातला 38.7 टक्के हिस्सा प्राधिकरणाला देण्याचे कबूल केले. हा हिस्सा खर्चात धरून प्रवाशाकडून वसूल करायचा नाही, अशी अट करारात होती. पण विमानतळाला शहरात स्पर्धक नसताना बाकीचे दर कोण तपासणार? त्यासाठी 2008 चा कायदा आला आणि 2009 मध्ये एरा स्थापन झाली.

हिशेबाचा साचा ब्रिटनच्या वळणाचा होता. तिथे 1987 मध्ये विमानतळ कंपनीचे खासगीकरण झाले आणि नियामकाने पाच-पाच वर्षांसाठी दरांची कमाल मर्यादा घालायला सुरुवात केली. आपल्याकडेही पाच वर्षांचा नियंत्रण कालखंड आला. गुंतवणुकीवरचा परतावा, घसारा, चालवण्याचा खर्च आणि कर यांची बेरीज करायची, त्यातून दुकाने, जाहिराती, पार्किंग यांच्या उत्पन्नाचा काही भाग वजा करायचा आणि उरलेली रक्कम पाच वर्षांत अपेक्षित असलेल्या वाहतुकीवर वाटायची. दुकानांचे उत्पन्न किती वजा करायचे, यावरही वाद झाला. एराने 2011 मध्ये ते सगळेच धरायचे ठरवले होते. दिल्ली-मुंबईच्या करारांत मात्र 30 टक्केच होते. 2016 च्या विमान वाहतूक धोरणाने सर्वांना 30 टक्के लागू केले. माझ्या मते इथे प्रवाशाची बाजू कमी पडली, कारण ती दुकाने चालतात ती प्रवाशांच्या गर्दीवरच.

पहिला कालखंड एप्रिल 2009 ते मार्च 2014 असा होता. दिल्लीचा दरनिर्णय मात्र आला एप्रिल 2012 मध्ये. पाच वर्षांचे येणे उरलेल्या दोनेक वर्षांत वसूल करायचे म्हणून शुल्क सुमारे 346 टक्क्यांनी वाढले. पुढे डिसेंबर 2015 मध्ये एराने तेच शुल्क सुमारे 89 टक्क्यांनी उतरवले. तो निर्णय कोर्टात अडकला आणि जुलै 2017 मध्ये अमलात आला. विमानतळाच्या सेवेत या काळात असा कोणताही चढउतार नव्हता. हेलकावे हिशेबाच्या उशिराचे होते आणि ते सोसले ज्यांनी त्या त्या वर्षी तिकीट काढले त्यांनी.

वाहतुकीच्या अंदाजाकडे मात्र लोकांचे पुरेसे लक्ष जात नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बांधकामाचा खर्च कागदपत्रांवरून तपासता येतो. पाच वर्षांनी किती लोक उडतील, हे कोणत्या कागदावरून तपासायचे? एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणेच थांबली. ब्रिटनच्या मूळ पद्धतीत असा फटका त्या पाच वर्षांपुरता कंपनी सोसत असे आणि प्रवासी जास्त आले तर फायदाही तिचाच. आपल्याकडे ‘ट्रू-अप’ आहे: अंदाजापेक्षा कमी जमले तर तूट पुढच्या कालखंडात वसूल होते, जास्त जमले तर जादा रक्कम पुढच्या कालखंडाच्या हिशेबातून वजा होते. कंपनी कर्ज काढून टर्मिनल बांधते, तिला स्थैर्य हवे हे मान्य. पण मग वाहतूक घटण्याची जोखीम जवळजवळ पूर्ण प्रवाशावर येते, आणि तेवढा कमी परतावा कंपनीला द्यायला हवा. परताव्याचा दर ठरवताना हा मुद्दा दरवेळी ठासून मांडला गेला पाहिजे.

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाले, तेव्हा एराने तिथे आधी तात्पुरते दर दिले: देशांतर्गत प्रवासासाठी निघणाऱ्याला 620 रुपये यूडीएफ. कायम दर ठरवताना सांताक्रूझहून किती उड्डाणे तिकडे जातील, याचा अंदाज बांधावा लागेल, आणि तो चुकला तर दोन्हीकडचे हिशेब हलतील. गोव्यात 2023 मध्ये मोपा सुरू झाल्यावर दाबोळीच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला होता. एराच्या सल्लामसलतीच्या कागदपत्रांवर प्रवासी संघटनांनाही हरकती नोंदवता येतात, आणि वाहतुकीच्या अंदाजाचे प्रकरण त्यात स्वतंत्र असते.